मनमोहन सिंगांच्या सहीचा सात नोटांचा संच: माल चांगला, कार्ड चुकीचं

घाईत असाल तर निकाल आधीच सांगते. मनमोहन सिंग यांच्या सहीच्या सात नोटांचा संच घेण्यासारखा आहे. मुंबईत फोर्टातल्या ज्या दुकानातून मी तो घेतला तिथला मालही बरा आहे. पण सोबत जे छापील कार्ड देतात ते बाजूला ठेवा, आणि नोटेवर ‘यूएनसी’, म्हणजे न वापरलेली, अशी चिठ्ठी लावलीय म्हणून ती कोरीच आहे असं धरून चालू नका. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण खाली एक तक्रार आहे आणि शेठ माणूस म्हणून वाईट नाहीत. नोटा गोळा करणारे वर्णनावरून ओळखतीलच.

माझा या वस्तूशी संबंध एवढाच की मी १९८३ साली एका राष्ट्रीयीकृत बँकेत कॅशमध्ये लागले आणि हेड कॅशियर म्हणून निवृत्त झाले. या संचातल्या नोटा मी कोऱ्या असताना हाताळल्यात. करन्सी चेस्टमधून, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या नोटा साठवायच्या कोठारातून, पाकिटं यायची, पिना ठोकलेली. पिन काढताना नोट फाटू नये म्हणून सगळी कसरत. २००१ साली रिझर्व्ह बँकेने नोटांना पिना मारणं बंद करायला लावलं तेव्हा कॅश विभागात पेढेच वाटायचे बाकी होते. त्यामुळे त्या काळातली नोट वॉटरमार्कच्या बाजूला दोन बारीक भोकं घेऊन आली तर नाक मुरडू नका. ती भोकं म्हणजे नोट पाकिटातून सुटून आल्याची खूण, तिला डाग म्हणत नाहीत.

संचात काय मिळतं? एक, दोन, पाच, दहा, वीस, पन्नास, शंभर. दर्शनी किंमत १८८ रुपये. दुकानाने २,४०० सांगितले, २,१०० वर सौदा झाला. शेठ म्हणाले, डिसेंबर २०२४ मध्ये सिंग गेले तेव्हापासून मागणी वाढलीय, भाव उतरायचा नाही. विकणारा असंच म्हणणार. मला २,१०० जास्त वाटले नाहीत, कारण सुट्या नोटा जमवत बसलं तर एक रुपयाची आणि पन्नासची चांगली सापडायला वेळ जातो.

दोनच्या मागे आर्यभट्ट उपग्रह, पाचच्या मागे ट्रॅक्टर, दहाच्या मागे मोर, वीसच्या मागे कोणार्कचं चाक. पन्नासची मला सर्वांत आवडते, कारण तिच्या मागे संसद भवन आहे. सप्टेंबर १९८२ ते जानेवारी १९८५ या काळात सिंग रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते. तेव्हा पुढच्या बाजूला त्यांची सही आणि पाठीवर ती गोल इमारत. तिच्यात खासदार म्हणून ते १९९१ साली गेले, आसाममधून, राज्यसभेवर. त्याच्या काही महिने आधी, जूनमध्येच, ते अर्थमंत्री झालेले होते. म्हणजे आधी खातं आणि मग खासदारकी.

त्या काळच्या रिझर्व्ह बँकेच्या नोटांवर साल छापत नसत. नोट कधीची हे ओळखायचं गव्हर्नरच्या सहीवरूनच. म्हणून हा सगळा ‘सिग्नेचर सेट’चा धंदा चालतो.

आता कार्डाकडे येते. कार्ड झकास आहे, गुळगुळीत कागद, सिंगांचं चित्र, खाली सोनेरी अक्षरांत लिहिलंय की या सातही नोटांवर रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर म्हणून त्यांची सही आहे. सहा नोटांपुरतं हे बरोबर आहे. एक रुपयाच्या नोटेपुरतं साफ चूक. एक रुपयाची नोट रिझर्व्ह बँक काढतच नाही, भारत सरकार काढतं. तिच्यावर सही असते वित्त सचिवाची. १९७६ ते १९८० सिंग त्या खुर्चीवर होते, ती सही तेव्हाची. शंभरच्या नोटेवर ‘धारकाला अदा करीन’ असं वचन आहे, तसं वचन एक रुपयावर शोधून सापडणार नाही. कायद्याच्या लेखी ती नोट कागदाची असूनही नाणंच.

दुकानाच्या गल्ल्यावर शेठचा मुलगा बसतो. त्याला मी हे दाखवलं. तो म्हणाला, “मॅडम, गिऱ्हाइकाला पीएमची सही पाहिजे, बाकी कोण विचारतंय?”

विचारायला पाहिजे. माझ्या मते २,१०० रुपयांपैकी निम्मे पैसे त्या एका फरकाचे आहेत. पंतप्रधानाची सही म्हणून बघितलं तर सात नोटा म्हणजे एकच नोट सात वेळा. पण एक रुपया डावीकडे ठेवा, शंभर उजवीकडे. डावीकडे सरकारचा नोकर, उजवीकडे सरकारची बँक सांभाळणारा. सरकारला पैसे लागतात आणि बँकेने किती द्यायचे हा झगडा जगभर जुना आहे. या माणसाने दोन्ही बाजूंनी सही केली, आणि पुढे मंत्री होऊन त्याच झगड्यावर तोडगाही काढला.

तो तोडगा फार कमी लोकांना माहीत आहे. सिंग म्हटलं की सगळे १९९१ सांगतात. ते खरंच आहे. त्या जुलैच्या १ आणि ३ तारखेला रुपयाचं अवमूल्यन झालं, रिझर्व्ह बँकेचं सुमारे ४७ टन सोनं लंडनला बँक ऑफ इंग्लंडकडे तारण गेलं, २४ जुलैला अर्थसंकल्प आला. ऑक्सफर्डला १९६२ साली डॉक्टरेट मिळाली ती भारताच्या निर्यातीवरच्या प्रबंधासाठी. आपला माल जगात खपू शकतो हे म्हणणं त्यांनी तेव्हापासून धरलेलं, म्हणून अवमूल्यन हे त्यांना एका रात्रीत सुचलेलं नव्हतं. तरी दुसऱ्या टप्प्याच्या सकाळी पंतप्रधान नरसिंह रावांचं मन कचरलं, आणि सिंगांनी मिंट रोडवर, म्हणजे रिझर्व्ह बँकेत, डेप्युटी गव्हर्नर रंगराजन यांना फोन करून थांबवता येईल का विचारलं. तोवर नवा दर जाहीर झाला होता. रंगराजन यांनीच हे नंतर सांगितलं आहे. सहा वर्षांपूर्वी ज्या बँकेचे आपण गव्हर्नर होतो तिथे मंत्री म्हणून फोन करायचा आणि “उशीर झाला” ऐकायचं!

पण मला जास्त भावतं ते १९९४. तोवर पद्धत अशी होती. सरकारचं खातं रिझर्व्ह बँकेत. त्यात किमान ५० कोटींची शिल्लक राहायला हवी. कमी पडली की सरकारने ९१ दिवसांची खास बिलं, म्हणजे उसनवारीच्या हुंड्या, बँकेच्या नावे काढायची, ‘ॲड हॉक’ म्हणत त्यांना, आणि बँकेने तेवढी रक्कम खात्यात टाकायची. व्याज किती, तर १९७४ पासून ठरलेलं ४.६ टक्के. मुदत संपली की नवीन बिल. तात्पुरती सोय म्हणून सुरू झालेली गोष्ट कायमची झाली. थोडक्यात, तूट पडली की नोट छापा, आणि बँकेला नाही म्हणायची सोयच नाही. आमच्या काउंटरवर एखाद्या खातेदाराने असं खातं मागितलं असतं तर मॅनेजरने त्याला दारापर्यंत सोडून दिलं असतं.

सप्टेंबर १९९४ मध्ये अर्थ मंत्रालय आणि रिझर्व्ह बँक यांच्यात करार झाला की ही बिलं तीन वर्षांत बंद करायची. मंत्री सिंग, गव्हर्नर तेच रंगराजन. १९९७ च्या एप्रिलपासून बिलं बंद, त्यांच्या जागी मर्यादा घातलेली उचल. आपल्याच हातातला चेकबुक मंत्र्याने परत केला म्हणा ना. शंभरच्या नोटेवर सही केलेला माणूसच हे करू जाणे, असं मला वाटतं. कुणी म्हणेल बँकवाली आहे, बँकेची बाजू घेणारच. घेते.

आणि ही बिलं सुरू कधी झाली? १९५५ साली. अर्थमंत्री कोण? चिंतामणराव देशमुख. तेही आधी रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, आणि पहिले भारतीय गव्हर्नर. एका माजी गव्हर्नरच्या कारकिर्दीत नळ बसला, दुसऱ्याच्या कारकिर्दीत बंद करायचं ठरलं. कार्डावर लिहायचंच तर हे लिहा.

देशमुखांवरून आठवलं, दुकानाची दुसरी बाजू. सिंगांचा संच काउंटरवर समोरच असतो, देशमुखांच्या नोटा मागाव्या लागतात. आतल्या कपाटातून अल्बम येतो. सहाव्या जॉर्जची छबी आणि खाली सी. डी. देशमुख अशी सही. माझं माहेर महाडचं. देशमुखांचं ‘नाते’ नावाचं गाव रायगडाच्या वाटेवर, एसटीच्या खिडकीतून लहानपणापासून पाहिलेलं. त्या गावात १८९६ साली जन्मलेल्या पोराची सही इंग्लंडच्या राजाच्या तोंडाशेजारी बघून मी अल्बम जरा जास्तच वेळ धरून ठेवला असणार, कारण शेठनी भाव मनातल्या मनात वाढवलेला मला दिसला.

दोघांचं आयुष्य एकमेकांशेजारी ठेवलं की गंमत वाटते. देशमुख अर्थतज्ज्ञ नव्हेत, केंब्रिजला वनस्पतिशास्त्रात चमकलेले, मग आयसीएसच्या, म्हणजे इंग्रजी अमलातल्या सनदी सेवेच्या, परीक्षेत पहिले. १९४३ ते १९४९ गव्हर्नर, १९४४ ला जागतिक बँक आणि नाणेनिधी ठरवणाऱ्या ब्रेटन वुड्सच्या परिषदेत, १ जानेवारी १९४९ ला रिझर्व्ह बँक सरकारी झाली तेव्हा खुर्चीवर तेच. १९५० ला अर्थमंत्री. १९५२ ला कुलाबा (आताचा रायगड जिल्हा) मतदारसंघातून, म्हणजे आमच्याकडून, लोकसभेवर निवडून गेले. सिंग उलट, हाडाचे अर्थतज्ज्ञ, दहा वर्षं पंतप्रधान, पण लोकसभा एकदाच लढले, १९९९ ला दक्षिण दिल्लीतून, आणि पडले. दोघंही विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते, देशमुख मंत्रिपद सोडल्यावर, सिंग मंत्रिपद मिळण्याच्या ऐन आधी. सिंग गव्हर्नर झाले १६ सप्टेंबर १९८२ ला, देशमुख गेले त्याच वर्षी २ ऑक्टोबरला. जेमतेम पंधरवडा दोघंही होते, एक नुकताच त्या खुर्चीत बसलेला, दुसरा ती कधीच मागे टाकून आलेला.

देशमुखांनी १९५६ च्या जुलैत राजीनामा दिला तो मुंबईसाठी. मुंबई महाराष्ट्रापासून तोडायला निघालेल्या मंत्रिमंडळात बसणार नाही म्हणाले. माझे वडील नेहरूंचे भक्त होते, पण देशमुखांचं नाव निघालं की नेहरू दोन मिनिटं बाजूला. सिंगांनी असा दरवाजा आपटून राजीनामा कधी दिला नाही, आणि दिल्लीत पुष्कळांनी ते त्यांच्या नावावर उणं म्हणून मांडलं. मला दोघांपैकी एक निवडायला सांगू नका. स्वभाव वेगळे, वेळ वेगळी.

नोटबंदीच्या वेळी मात्र दोघं माझ्या डोक्यात एकत्र येतात. या देशात मोठ्या नोटा तीनदा रद्द झाल्या. जानेवारी १९४६ ला ५००, १,००० आणि १०,००० च्या, तेव्हा गव्हर्नर देशमुख. जानेवारी १९७८ ला १,०००, ५,००० आणि १०,००० च्या, तेव्हा एक रुपयावर सही सिंगांची. तिसरी वेळ ८ नोव्हेंबर २०१६, आणि २४ नोव्हेंबरला सिंग राज्यसभेत उभे राहून याला संघटित लूट म्हणाले, राष्ट्रीय उत्पन्न दोन टक्क्यांनी घटेल असं बोलले. मी त्या दिवशी काउंटरवर होते, भाषण ऐकायला वेळ कुठला. रात्री घरी येऊन बातम्यांत पाहिलं. बोटांना दिवसभराच्या नोटांचा मळ होता आणि तो साबणाने जात नव्हता. राजकारण राहू द्या, पण चलनाबद्दल बोलताना ज्याने स्वतः चलनावर सही केलीय त्याचं बोलणं मी वेगळ्या कानाने ऐकते.

आता तक्रार. मला दाखवलेल्या पहिल्या संचातली पन्नासची नोट दाबलेली होती. ‘यूएनसी’ म्हणजे चलनात न फिरलेली. ही फिरली होती, मग पाणी मारून इस्त्रीखाली किंवा जाड पुस्तकात दाबून सपाट केलेली. ओळखायचं कसं? नोट डोळ्यांच्या रेषेत आडवी धरा आणि दिव्याकडे तिरकी करा. मधली घडी कितीही दाबली तरी केसासारखी रेघ उरते. कोपरे बघा, कोऱ्या नोटेचा कोपरा टोचतो. आणि हळूच बोट फिरवा, कोऱ्या कागदाला जो खरबरीतपणा असतो तो दाबलेल्या नोटेत मेलेला असतो. नोट चुरचुर वाजत नाही, फडक्यासारखी लवते.

मी म्हटलं, “शेठ, ही धुतलीय.” ते म्हणाले, “नाही ताई, गोडाऊनमध्ये राहून अशी होते.” मी म्हटलं, “माझी नोकरी नोटांतच गेली.” मग हसले, आत गेले, दुसरी आणली. दुसरी खणखणीत होती, पिनेच्या भोकांसकट. बदलून दिली याचे गुण देते. पण पहिलीवरची चिठ्ठी त्यांनी काढली नाही, परत त्याच फोल्डरमध्ये गेली ती. पुढच्या गिऱ्हाइकाच्या नशिबी. हे मला आवडलं नाही आणि मी तसं तोंडावर सांगितलं.

म्हणून व्हॉट्सॲपवरून मागवू नका. फोटोत घडी दिसत नाही. ते कुरिअरने पाठवतात, पाकीट चांगलं करतात, पण परत घ्यायच्या वेळी “फोटो बघूनच घेतलं ना” हे ऐकावं लागतं. माझ्या भाच्याला पुण्यात दुसऱ्या कुणाकडून असाच अनुभव आला होता.

आणखी एक. संच ज्या फोल्डरमध्ये देतात त्याच्या प्लास्टिकला नवीन रेनकोटसारखा वास येतो. ते पीव्हीसी. वर्षभरात नोटेला चिकट तेलकटपणा आणतं. घरी आल्या आल्या नोटा काढून मायलरच्या, म्हणजे पॉलिएस्टरच्या पारदर्शक, पाकिटात घाला. दुकानात मायलर मिळतं, वेगळे पैसे घेतात, मागितल्याशिवाय दाखवत नाहीत.

दुकानात एक नवीन खूळ पण पाहिलं, ‘गव्हर्नरचे पंतप्रधान’ नावाचा परदेशी संच. मारिओ द्रागी यांच्या सहीची युरोची नोट आणि मार्क कार्नी यांच्या सहीचा कॅनडाचा डॉलर, सोबत आपले सिंग. द्रागी २०११ ते २०१९ युरोपच्या मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष, मग २०२१ ला इटलीचे पंतप्रधान. कार्नी आधी कॅनडाच्या, मग इंग्लंडच्या बँकेचे गव्हर्नर, मार्च २०२५ ला कॅनडाचे पंतप्रधान. कल्पना चांगली आहे, भाव अवास्तव आहे. युरोच्या नोटा द्रागींच्या सहीच्या अजून युरोपात दुकानदाराच्या गल्ल्यात पडलेल्या असतात, नातलग तिकडे असेल तर एक मागवून घ्या. आणि कुणी कार्नींची सही म्हणून इंग्लंडचा पौंड गळ्यात मारला तर हात जोडा. पौंडावर गव्हर्नरची सही नसते, तिथल्या चीफ कॅशियरची असते. त्या देशाने कॅशियरची किंमत ओळखलीय, एवढंच म्हणेन.

माल चार तारे, माहिती एक तारा, वागणूक साडेतीन. जायचं तर दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान जा, शेठ स्वतः असतात आणि ट्यूबलाइटखाली नोट तिरकी करून बघू देतात. संध्याकाळी मुलगा एकटा असतो आणि घाई करतो. बसायला एकच स्टूल आहे. यूपीआय चालतं, बिल मागावं लागतं, मागा. देशमुखांच्या दहाच्या नोटेवर मी १,१०० बोलून आलेय, शेठ १,४०० वर अडलेत, श्रावण संपेपर्यंत उतरतील. मुलाला कार्डाबद्दल लिहून दिलंय, एक रुपया वेगळा, सचिव, १९७६ ते १९८०. तुम्हाला जुनंच कार्ड दिलं तर त्या ओळीवर बोट ठेवा आणि शंभर रुपये कमी करायला सांगा.